रविवार दुपारचा गोळीबार

दारावर थाप पडली तेव्हा सिनेमातल्या शेरीफचा हात नेमका पिस्तुलावर होता. अपेक्षाने आधी दुर्लक्ष केलं. भर उन्हाळ्यात, रविवारी दुपारी दोन वाजता पडेगावात कुणी कुणाच्या दारात जात नाही... कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली आडवी झालेली असतात. थाप पुन्हा पडली, तेव्हा ती कुरकुरत उठली.

दारात एक उंच तरुण उभा. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि घाईत चढवलेल्या शर्टाची बटणं एकेक घर चुकून लावलेली.

"मॅडम, मी विश्वजीत. शेजारच्या खोलीत भाड्यानं आलोय," तो म्हणाला. "एक विनंती होती. तुमच्याकडं हे जे मुडदे पडायलेत... ते जरा हळू पडले तर लई बरं होईल. वाळूजला रात्रपाळी करून आलोय. डोळा लागला की गोळी सुटते."

तिला हसू फुटत होतं, ते तिने ओठ मुडपून आवरलं. "रविवारीच असतं हो. आठवड्यातून एकदा."

"व्हय, कळलंय मला. मागचे तीन रविवार मोजलेत." बोलता बोलता त्याची नजर तिच्या खांद्यावरून टीव्हीकडे गेली आणि तिथंच अडकली. "हा शेरीफ मरतोय बरं का आता. पाठीत गोळी लागते."

"मरत नाही," अपेक्षा ठामपणे म्हणाली. "तो तालुक्याला जातो. औषध आणायला."

"मॅडम, ह्याच्या पुढं त्याला पुरतात..."

"ते वेगळं. ती पेरणी चाललीय. आमचे बाबा असंच सांगायचे."

विश्वजीत तिच्याकडे बघतच राहिला. त्याची झोप तिथंच उडाली म्हणायची!

आता यात दोष कुणाचाच नव्हता. अपेक्षाचे वडील, हवालदार बद्रीनाथ, फौजेत ट्रक चालवायचे. छावणीच्या मैदानावर पडदा लावून जवानांना सिनेमे दाखवत, तिथं त्यांना घोडे-पिस्तुलांच्या आणि लढाईच्या इंग्रजी सिनेमांचं वेड लागलं. निवृत्त झाल्यावर ते पेन्शन, एक जुना व्हीसीआर आणि ट्रंकभर कॅसेटी घेऊन घरी आले. इंग्रजीचा मात्र गंध नव्हता. पण गल्लीतली पोरं समोर बसली की खुर्चीतून त्यांचं भाषांतर सुरू व्हायचं. "हा म्हणतोय, लई झालं तुझं, गुमान खोगीर टाक अन् जेवायला चल." आणि त्यांच्या सिनेमात कधीच कुणी मरायचं नाही. गोळी लागून पडला तो तालुक्याला औषध आणायला गेला. लढाईच्या सिनेमात पडला तो रजेवर गेला. कारगिलच्या रस्त्यावर खरी माणसं पडताना बघितलेला तो माणूस, पडद्यावर कुणाला मरू देत नसे.

पुढे कॉलेजात इंग्रजी समजायला लागलं आणि अपेक्षाला सगळं खरं कळलं. तरी तिने वडिलांचंच खरं मानलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आई, गीताबाई, नातवाला सांभाळायला अपेक्षाच्या भावाकडे, अतुलकडे, पुण्याला गेली. मागे उरल्या दोन खोल्या, एक कूलर आणि अपेक्षा. गुलमंडीजवळच्या लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. दिवसाला चाळीस जणांचा हात तिच्या हातात यायचा आणि सुई निघाली की सुटायचा. घरी आल्यावर कुलूप स्वतःच काढायचं, दिवा स्वतःच लावायचा... एकटेपणाची सवय होते म्हणतात, तिला काही झाली नव्हती. म्हणून रविवारी ती आवाज मोठा ठेवायची. घरात माणसं असल्यासारखं वाटे.

पुढच्या रविवारी थाप पुन्हा पडली. या वेळी बटणं बरोबर घरात होती आणि हातात दोन कुल्फ्या. उन्हाने वितळून त्या त्याच्या मनगटावर उतरल्या होत्या.

"आज तर मी अजून सुरूही केला नाही," अपेक्षा म्हणाली.

"म्हणून तर आलो. गोळी सुटायची वाट बघत पडलो होतो, झोपच लागंना." तो दारातच घुटमळला. "तुमच्या बाबांचा सिनेमा बघायचाय मला. खरा लई वेळा बघितलाय."

गल्लीच्या समाधानासाठी दार सताड उघडं ठेवलं गेलं. समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या साळूबाईंनी सूप थोडं आणखी या बाजूला सरकवलं. आणि अपेक्षा, जी दिवसभरात 'मूठ वळा', 'मूठ सोडा' यापलीकडे फारसं बोलत नसे, ती भाषांतर करायला बसली.

"आता ही बाई काय म्हणाली?" तो विचारायचा.

"म्हणाली, पाहुण्यांनी कुल्फी खाली सांडू नये. मुंग्या येतात."

"अन् तो टोपीवाला?"

"तो म्हणतोय... बाई लई बोलते."

"बोलू द्या म्हणावं," विश्वजीत टीव्हीकडेच बघत म्हणाला. "आवाज चांगलाय."

अपेक्षाने पटकन मान वळवली. कूलरचं वारं अंगावर येत होतं तरी कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यानंतर बराच वेळ पडद्यावर कोण काय बोललं, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

असे सहा रविवार गेले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. तो कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातला. कारखान्यात नवी यंत्रं बसवायची, ती चालू झाली की पुढच्या गावी जायचं, असं त्याचं काम. एका जागी वर्षभर तो कधी राहिला नव्हता. त्याला घोड्यांचे सिनेमे आवडायचे. लढाईचा काढला की मात्र त्याला काहीतरी काम आठवायचं. हे अपेक्षाच्या उशिरा लक्षात आलं.

सातव्या रविवारी तिने लढाईचाच सिनेमा लावला. मध्यावर एक जीप गावात येते. एक अधिकारी उतरतो, एका घरासमोर उभा राहून टोपी काढतो. विश्वजीत उठला. "दूध आणतो," म्हणाला आणि गेला. तासाभराने आला, तो रिकाम्या हाताने.

अपेक्षाने टीव्ही केव्हाच बंद केला होता.

"माझे वडील कारगिललाच गेले," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला. "मी तिसरीत होतो. शिपाई वर्गात आला, म्हणाला, हेडसरांनी बोलावलंय. चित्रकलेची स्पर्धा झाली होती. मला वाटलं, बक्षीस लागलं. मी नळावर केस ओले केले, भांग पाडला. आत गेलो, तर वर्दीतले दोघं बसलेले. अन् सर रडत होते... मला वाटलं, माझं चित्र त्यांना लई आवडलं."

अपेक्षा उठून त्याच्याशेजारी, हातभर अंतर ठेवून बसली. मग कुणालाच कधी न सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडून आपोआप निघाली.

"त्याच वर्षी मे महिन्यात बाबांची रजा अर्ध्यात मोडली. निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, अन् मला दिसलं, पाण्याची बाटली राहिलीय. मी मागून हाक मारली. 'बाबा' म्हणून, जोरात. ते परत आले, बाटली घेतली, गेले. साळूमावशी एवढंच म्हणाल्या... 'पोरी, निघालेल्या माणसाला मागून हाक मारत असतात का?' मग तीन महिने पत्र नाही. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत घुसून ते दवाखान्यात पडलेले. मी सहा वर्षांची. मला वाटायचं, माझ्यामुळं झालं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेव्हापासून मी कुणालाच हाक मारत नाही. अतुल गेला, आई गेली. 'राहा ना' म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं."



"मी तर हाक मारलीच नव्हती," विश्वजीत हळूच म्हणाला. "आणायची बॅट ते विसरले होते, म्हणून रुसून झोपेचं सोंग घेतलं होतं. आई दारात गप उभी. सगळा शकुन पाळला आम्ही. तरी माझे आले नाहीत." मग तो तिच्याकडे वळला. "तू हाक मारलीस, अन् तुझे आले. एवढं तरी बघ की, अपेक्षा."

तिचे डोळे भरून आले. पंचवीस वर्षांत तिला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. दोघांमधलं हातभर अंतर मात्र तसंच राहिलं.

आणि आठ-नऊ दिवसांनी तो भिंतीपलीकडून बोलला, तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. "यंत्रं चालू झाली. गुजरातला जायचंय. गुरुवारी निघतो." एवढं बोलून तो थांबला. वाट बघितल्यासारखा थांबला.

अपेक्षाच्या मनात हजार गोष्टी होत्या. तोंडातून फौजीच्या घरात वर्षानुवर्षं निघत आलेलं तेच निघालं. "बरं. नीट जा. पोचल्यावर फोन कर."

"व्हय," तो म्हणाला.

त्या रात्री तिने स्वतःला इतकं बोलून घेतलं, की साळूबाई ऐकत्या तर त्यांनाही नवीन शब्द मिळाले असते. पण उपयोग काय... सकाळी भिंतीपलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आलाच.

गुरुवार नेमका पाण्याचा. आठ दिवसांनी नळ आलेला, त्यामुळे सकाळी सात वाजता अख्खी गल्ली रस्त्यावर. पाइप, ड्रम, हंडे, भांडणं. अपेक्षा ड्रममध्ये पाइप धरून उभी होती. विश्वजीतने कय्युमभाईंच्या रिक्षात दोन बॅगा टाकल्या. तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. तिनेही हलवली. रिक्षा सुरू झाली.

आता हा जाईल. खोली रिकामी होईल. रविवारी ती आवाज मोठा करील आणि भिंतीपलीकडे झोपमोड व्हायला कुणीच नसेल. एवढं तिला स्पष्ट दिसलं, आणि तिच्याने ते बघवेना. पाइप तिच्या हातातून निसटला.

"विश्वजीत!"

हंडे थांबले. भांडणंही थांबली. कोपऱ्यावर रिक्षाचा ब्रेक करकरला.

"अगं पोरी, मागून..." साळूबाईंचा हात तोंडावर गेला.

"व्हय मावशी. मागूनच मारली."

तो उतरून चालत आला. पाइप रस्त्यावर साप सोडल्यासारखा वळवळत होता, पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होतं. "काय झालं?"

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ती म्हणाली. "काम आहे, जावं लागेल, कळतं मला. पण हे ऐकून जा. मला तू आवडतोस. लई आवडतोस. तुझ्यावाचून मला करमणार नाही, अन् ते मी 'बरं' म्हणून झाकणार नाही आता."



"परवा 'बरं' म्हणालीस," तो म्हणाला, "तर मला वाटलं, तुला चालतंय. किती गावं सोडली मी, अपेक्षा. पुणं, हैदराबाद, सगळी. दर गावच्या कोपऱ्यावर वळून बघतो. कुणी बोलवायलंय का म्हणून. कुणी नसतंच. आज तर भीतीनं बघितलंबी नव्हतं."

ती रडतही होती आणि हसतही. तिचा ओला हात त्याने धरला, आणि रोजच्या चाळीस हातांसारखा तो लगेच सुटला नाही.

"क्या मियाँ," कोपऱ्यावरून कय्युमभाईंनी विचारलं, "जाना है के नै?"

"बॅगा उतरवा," विश्वजीत म्हणाला. मग तिला, हळू आवाजात, "सोमवारी हजर व्हायचंय. रविवारी निघावंच लागंल. चार महिन्यांचं काम आहे."

चार महिने! तिचं मन क्षणभर खचलं. रविवार तीन दिवसांवर होता. पुन्हा कुलूप, पुन्हा एकटीचा दिवा... हे काही टळलं नव्हतं. पण तिच्या घरात आजवर कुणी जाणाऱ्याला जो प्रश्न विचारला नव्हता, आईने नाही, तिने नाही, तो तिने साऱ्या गल्लीसमोर विचारला.

"कधी येशील?"

"महिन्यातल्या दोन शनिवारी. सकाळच्या गाडीनं," तो म्हणाला. "अन् काम संपलं की आईला घेऊन. पुण्याला, तुझ्या आईकडं."

अपेक्षाने मान हलवली. तारखा तिने लगेच मनात मांडायला घेतल्या, आणि तिचा हात अजून त्याच्याच हातात होता.