विजेनं पेटवलेलं रान

१९३४ सालच्या वैशाखात मी आणि पायगोंडा लोंढ्याला उतरलो ते एका फुलासाठी! मी उपेंद्र, बेळगावात शाळामास्तर. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरीचं मला वेड, आणि तिची एक पिवळी जात अजून कुठल्याच पुस्तकात नव्हती. निपाणीचा पायगोंडा माझा जुना मित्र. वाट दाखवायला होती मालुबाई; हिरडा वेचत ती याच रानात वाढलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कड्याजवळच्या जांभळावर ते फूल दिसलं. जेमतेम चाळीस पावलांवर! मी धावलो. तोच आभाळ कडाडलं. पावसाचा थेंब नाही, आणि वीज वरच्या वठलेल्या झाडावर कोसळली! झाड उभं पेटलं. ठिणग्या वाळल्या गवतात उडाल्या आणि वाऱ्यानं जाळ उताराला लावला.

"मास्तर, मागं फिरा!" मालुबाई ओरडली. "खाली लाकूडतोड्यांची पालं हायत. बायापोरं हायत! त्यास्नी काय ठावं न्हाय!"

"दोनच मिनिटं..."

"तवर आग खाली जाईल रं!" पायगोंडा म्हणाला.

मी फुलाकडं पाठ फिरवली.

घसरत, आपटत आम्ही पळालो. मागं बांबू बंदुकीसारखे फुटत होते. पालांपाशी पोचलो तेव्हा उडत्या निखाऱ्यांनी खालच्या ओढ्याकडं निसटायची वाटही पेटली होती. माणसं सैरावैरा धावू लागली.

"पळू नका!" मालुबाईनं चुलीतलं कोलीत उचललं आणि खालच्या अंगाच्या गवताला लावलं.

"खुळी झालीस व्हय गं?" पायगोंडा किंचाळला.

"जळल्याली जमीन परत जळत न्हाय, अण्णा! चला, राखंत शिरा!"

गवत भराभर जळत पुढं गेलं. पोरांना काखोटीला मारून आम्ही त्या तापल्या राखेत शिरलो. पालथे पडलो. तोंडावर ओली धडुती. मोठा वणवा दोन्ही अंगांनी घोंगावत गेला. पाठ भाजत होती. श्वास अडकत होता. आणि मग वणवा पुढं सरला!

सगळे उठले, पण लाकूडतोड्यांतला म्हातारा गुंडूतात्या दिसेना.

"गाडीचे बैल सोडतो म्हनत मागं फिरलाय," एक बाई रडत म्हणाली.

दिवस कलताना धुरातून दोन बैल चालत आले. अंगावरचे केस होरपळलेले, पण जिवंत! तात्या आम्हाला बैल बांधायच्या मेखेपाशी सापडला. दोन्ही दाव्यांच्या गाठी त्यानं सोडल्या होत्या.

गाड्या जळून गेल्या होत्या. पाळीपाळीनं खांदा देत आम्ही त्याचा देह लोंढ्याच्या वाटेनं खाली नेला. कुणी हाकलत नव्हतं, तरी ते बैल आमच्या मागोमाग चालत राहिले.