माया, बारा मीटर

"मायाताई इथंच राहतात काय जी?"

साधनानं मान वर केली. तिच्या ऑनलाइन सेंटरच्या दारात तिशीचा एक माणूस उभा होता. बुटांना काळी माती, काखेत हेल्मेट, हातात कसल्याशा नकाशाची झेरॉक्स.

गावात माया नावाचं कोणीच नाही, असं तिनं सांगितलं. तो गोंधळला. कागद तिच्यापुढं धरून म्हणाला, "इथं तर लिहून आहे. माया, बारा मीटर. साधनाला माहीत. मले वाटलं, रस्त्यापासून बारा मीटरवर घर असन त्यायचं."

साधना हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग तिचं लक्ष अक्षराकडं गेलं. 'साधना'तल्या 'ध'ची गाठ उघडीच सोडलेली... तशी एकच माणूस सोडायचा. हसता हसताच तिला कागद दिसेनासा झाला.

बाबा, म्हणजे धम्मरत्न, केबल जोडायचे. आधी टेलिफोनच्या तांब्याच्या तारा, शेवटची दहा वर्षं काचेच्या. शिंपी शिवणीत जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. केबल पुरताना तसंच जास्तीचं एक वेटोळं जमिनीत सोडावं लागतं. साहेब लोक त्याला लूप म्हणत, बाबा माया म्हणत. "कधी ना कधी तुटतेच ती," ते सांगायचे, "तेव्हा ओढून घ्याले हाताशी काही पाहिजे."

हे ऐकून तो कपाळाला हात लावून हसला. अश्वजित त्याचं नाव; दिग्रसचा. शाळेच्या वळणावर जेसीबीनं केबल तोडली होती आणि सकाळपासून गावाचं इंटरनेट बंद होतं. "मग ताई, कुठं आहे ही माया?"

शाळेच्या वळणाजवळच्या हंसाबाईच्या वावरात, विहिरीपाशी. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. पाच महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्यांचे कपडे वाटून झाले होते, सायकल मामाच्या गावी गेली होती. त्यांनी स्वतःच्या हातांनी गुंडाळलेलं, अजून कोणी न उलगडलेलं, ते एकच वेटोळं उरलं होतं.

"विहिरीपाशी कुठंतरी," ती म्हणाली. "नेमकं आठवत नाही."

दुपारपर्यंत अश्वजित आणि गावातला मजूर उकंडा विहिरीच्या पूर्वेला खोदत राहिले. साधना चहा घेऊन गेली. जाऊ नये असं वाटत असूनही गेली. अश्वजितनं घाम पुसला आणि तिची परीक्षाच घ्यायला लागला. खांबावरून जाते ती कोणती? जिच्यात धातू नसतो, जी दोन खांबांमध्ये आपला भार आपणच पेलते ती, असं ती म्हणाली. जमिनीखालची? उंदरांनी कुरतडू नये म्हणून पोलादी पत्रा गुंडाळलेली. आणि खांबावरून थेट घरात येते ती बारीक, ड्रॉप केबल.

"मल्टिमोड?"

"उजेडाला बऱ्याच वाटा. म्हणून लांब जात नाही. एका इमारतीपुरती ठीक. सिंगल मोडमध्ये एकच वाट. ती यवतमाळपर्यंत सहज जाते." मग कप गोळा करता करता तिनं विचारलं, "तुम्ही कोणते?"

"सिंगल," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "...मोड."

उकंडा पाठ वळवून खोकल्यासारखं हसला.

संध्याकाळी चार खड्डे झाले होते आणि हाती काही नव्हतं. अश्वजित म्हणाला, माया सापडली नाही तर लोहारा इथल्या गोदामातून केबलचा तुकडा मागवावा लागेल, आठ दिवस तरी जातील. शिवाय एकाऐवजी दोन जोड. दर जोडाला उजेड थोडा मरतो. साधनाला टेबलावरची थप्पी आठवली. शिष्यवृत्तीचे सदतीस अर्ज, शुक्रवार शेवटचा दिवस.

उकंडा फावडं धूत होता. तिच्याकडं न बघताच तो म्हणाला, "धम्मरत्नभाऊनं लिहून ठेवलं, साधनाले माहीत. तो मानूस खोटं लिहीत नव्हता, पोरी."

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच वावरात आली. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती. सगळं मोकळं, उघडं. विहिरीच्या काठाला टाच लावून ती बाभळीच्या दिशेनं चालली. सात पावलं. बाबांनी माया पुरताना मोजपट्टी बाजूला ठेवून तिलाच चालायला लावलं होतं. पट्टी हरवते, म्हणाले होते. तू थोडीच हरवणार आहेस.

"इथं," ती म्हणाली.

पाच फूट खोल वेटोळं सापडलं, तीन जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं.

"काल काहून नाही सांगितलं?" अश्वजितनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुम्ही ते ओढून घेतलं असतं."

त्यानं ट्यूबच्या पट्टीवरची माती बोटानं झटकली. "घ्यावं तर लागनच," तो हळू म्हणाला. "पण गाठ... तुम्ही सोडा." त्याच्या बोलण्यातून 'ताई' गळून गेलं होतं.

तिनं गाठी सोडल्या. केबल जमिनीतल्या नळीतून वळणाकडं सरकली. धुळीचा वारा होता, म्हणून ती छत्री आडवी धरून बसली आणि तो तंतू जोडायच्या मशीनवर वाकला. केसाहून बारीक बारा तंतू. रंगांचा क्रम तिला पाढ्यासारखा पाठ होता. "निळा," ती म्हणाली. मोजणी आपल्या झेंड्याच्या निळ्यापासून सुरू होते याचं बाबांना फार अप्रूप होतं. ठिणगी पडली. "नारंगी. हिरवा..." ती सांगत गेली, तो जोडत गेला. शेवटच्या फिरोजीपाशी ती अडखळली. त्यानं वर पाहिलं नाही. फक्त तिच्या हातातल्या छत्रीचा दांडा आपल्या हातानं सावरून धरला.

"पाहा, जोड दिसतही नाही," शेवटी तो म्हणाला.

"दिसत नाही," ती म्हणाली. "असतो."

चार मीटर लागली. उरलेली आठ त्यानं पुन्हा वेटोळं करून ठेवली, त्याच पट्ट्यांनी बांधली. उकंडानं माती लोटली. बाबांची चार मीटर माया आता रस्त्याकडं गेली होती, आणि सेंटरवर सदतीस अर्ज वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून अश्वजितचं काम पुसदकडं होतं. मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवून त्यानं लिहिलं, 'माया, आठ मीटर.' आणि पेन थांबलं.

"पुढं काय लिहू? म्हणजे... पुन्हा तुटली तर विचारायचं कोणाले?"

साधनानं पेन घेतलं. 'साधनाला माहीत.' 'ध'ची गाठ तिनं उघडीच सोडली.

त्यानं वही मिटली नाही. "आणि... नाही तुटली तर?"

ती ओल्या मातीच्या चौकोनाकडं पाहत राहिली. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत.

"तरी येऊन विचारायचं," ती म्हणाली.