तासाला पाच किलोमीटर

ये, बस. सर आत्ताच चहाला गेलेत, आणि सरांचा चहा म्हणजे वीस मिनिटांची निश्चिंती. नव्या तुकडीत नाव घालायला आलीस ना? मग चेहरा एवढा पाडू नकोस. मी एकोणपन्नासाव्या वर्षी शिकले, तुला काय जड आहे?

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. जमिनीखालच्या पाइपांचे आमचे नकाशे कागदी, घड्यांवर फाटलेले. साहेब म्हणाले, "हे सगळं आता कॉम्प्युटरवर न्यायचंय, विद्यापीठात जाऊन नकाशांचं ते सॉफ्टवेअर शिकून या." बाकीच्यांनी हात वर केले आणि बकरा मी सापडले. बारा शनिवार, दुपारी दोन ते पाच. आज बारावा. प्रमाणपत्र घ्यायला आलेय.

तुला एकच सांगते. पहिल्या दिवशी तक्ता भरायला देतील, तेव्हा एकही चौकट रिकामी सोडू नकोस. का ते... बरं, दार जरा लोटून घे.

ही खोली बघतेस ना? तळघर. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून खिडक्या कायम झाकलेल्या, त्यामुळे दुपारी दोनलाच तिन्हीसांजेसारखं वाटतं. वीस मशीन एकदम घुमतात. तापलेल्या वायरींचा आणि जुन्या सतरंजीचा वास. पहिल्या दिवशी माझ्या शेजारची पोरं फटाफट माउस फिरवत होती आणि मी चष्मा पुसत बसले होते. सर वयाने माझ्या निम्मे असतील, पण गुणी मुलगा. म्हणाले, "मॅडम, घाबरायचं नाही. घरच्या माणसांपासून सुरुवात करू. नाव, नातं, अक्षांश, रेखांश. तक्ता आत ओढायचा की प्रत्येक माणूस नकाशावर एक बिंदू होऊन बसतो."

आमच्या घरी माणसं किती? आई आणि मी. वरून काढलेल्या फोटोत आमचं छप्पर शोधलं, पाण्याची टाकी ओळखली, त्यावर टिचकी मारून आकडे घेतले. दोन ओळी झाल्या. आणि मग कोण जाणे का, तिसरी ओळ लिहिली. दादा.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. जहाजावर इंजिनाच्या खोलीत मेकॅनिक होता. एकवीस वर्षांपूर्वी कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. सकाळच्या हजेरीला तो जहाजावर नव्हता, शोध घेतला, सापडला नाही. कुठल्या समुद्रात, ते लिहिलं नव्हतं. मी वाट बघणं कधीच सोडलं होतं. आईने नाही सोडलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आईचं हृदय दुबळं, डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगून चार वर्षं झाली. माझ्या ऑफिसमागे तळमजल्यावरची छान जागा मी कितीदा बघून आले. आईचं एकच, "त्याला दुसरा पत्ता माहीत नाही." भांडून भांडून थकले होते मी. रोज संध्याकाळी दार उघडताना एकच विचार, आत आई खुर्चीत आहे की जमिनीवर...

तर, दादाच्या ओळीत अक्षांश-रेखांश मी रिकामे सोडले. काय लिहिणार होते?

तक्ता आत ओढला. आई आणि मी घरावर, चिकटून. तिसरा बिंदू कुठे दिसेना. सरांनी नकाशा लहान लहान करत नेला, तेव्हा सापडला. पार तिकडे, भर समुद्रात. सर हसले. "रिकाम्या चौकटीला हे शून्य समजतं, मॅडम. शून्य अक्षांश, शून्य रेखांश. जगातले सगळे बिनपत्त्याचे बिंदू तिथे जाऊन पडतात. खाली नुसतं पाणी."

त्यांना माहीत नव्हतं. वर्ग हसला, मीही हसले. घरी जाईपर्यंत मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या शनिवारी फाइल उघडली, तर बिंदू शून्यावर नव्हता. आमच्या दिशेने सरकला होता. अजून पाण्यातच, पण बराच अलीकडे. "माउसचा धक्का लागला असेल," सर म्हणाले. त्यांनी उचलून तो परत शून्यावर ठेवला, फाइल जपून ठेवली आणि माझ्याशिवाय कुणालाही उघडता येणार नाही अशी केली.

तिसऱ्या शनिवारी तो मागच्या शनिवारपेक्षा दुप्पट पुढे होता. मागे ढकललेलं त्याने मानलंच नव्हतं.

त्या दिवशी अंतर मोजायची पट्टी शिकवत होते. मी शून्यापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढली. सोळाशे ऐंशी किलोमीटर. दोन आठवड्यांचे. म्हणजे आठवड्याला आठशे चाळीस. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. मी वहीच्या कडेला भागाकार केला, शाळेत दादाने शिकवला होता तसा. तासाला पाच किलोमीटर. बरोब्बर पाच. माणसाच्या चालीचा वेग, झपझप चालणाऱ्या माणसाच्या... दिवसरात्र, कुठेही न बसता.

दादा तसाच चालायचा गं. शाळेत जाताना माझा हात धरून असा निघायचा की मला पळावं लागायचं. आई खिडकीतून ओरडायची, "अरे हळू, कुणी मागे लागलंय का?"

सरांनी माझी वही बघितली. नेहमी थट्टा करणारा मुलगा, पण त्या दिवशी त्याने भागाकार स्वतः पुन्हा करून बघितला. मग हळूच म्हणाला, "मॅडम... ही ओळ काढून टाकू?"

"नको," मी म्हणाले. "येऊ दे."

भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण शुक्रवारी रात्री मला झोप यायची नाही ती भीतीने नव्हे. उद्या कुठवर आला असेल, या विचाराने. पाचव्या शनिवारी तो जमिनीवरून चालत होता. सातव्या शनिवारी मी मशीनपुढे बसले आणि इंजिनाच्या तेलाचा वास आला, त्याच्या हातांना साबण लावूनही यायचा तो. शेजारच्या पोराने नाक मुरडलं, म्हणजे वास मला एकटीलाच आला नव्हता. आईला मी काहीच सांगितलं नाही. आशा दाखवायची आणि मग तो आलाच नाही तर? तिचं हृदय ते सोसणार नव्हतं.

अकरावा शनिवार. मागचाच. फाइल उघडली. आठ हजार चारशे किलोमीटर संपले होते, दादा आमच्या फाटकापाशी होता. आणि त्याच्या शेजारी, फाटकाच्या बाहेर, आई.

घरात माझा बिंदू एकटा.

तो घरी आला नव्हता, तो आईला न्यायला आला होता. मी पेन्सिलचं चिन्ह दाबलं, म्हणजे बिंदू हलवता येतात. आईचा बिंदू धरला. दोनदा सुटला. "नको रे दादा, आईला नको," असं मोठ्याने म्हणाले असेन, कारण सगळा वर्ग वळून बघायला लागला. ओढत आणून तिला घरात ठेवलं, सेव्ह केलं आणि घरी फोन लावला.

"आई... कुठे आहेस?"

"खुर्चीत. अगं, गंमतच झाली. आत्ता फाटकापर्यंत गेले होते. का गेले, आठवत नाही. आणि मग कुणीतरी खांदे धरून आणून बसवावं तशी... तीन जिने, पण धापसुद्धा नाही." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तो बाहेरच राहिला गं."

सर माझ्या मागे उभे होते. मान हलवून नको नको म्हणत होते.

पण तूच सांग, एकवीस वर्षं हरवलेला माणूस एवढं चालून आलाय. त्याला दाराबाहेर ठेवायचं? मला नाही जमलं. मी त्याचा बिंदू उचलला आणि आईच्या शेजारी ठेवला. सेव्ह केलं. फोन कानालाच होता. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आई हसली. ते हसू मी विसरलेच होते बघ.

घरी गेले तर ती एकटीच. मी खोल्या बघितल्या, पलंगाखालीसुद्धा. "काय शोधतेस?" म्हणाली, आणि पुन्हा हसली. सकाळी चहा घेताना आपणहून म्हणाली, "आता सोडू या हे घर." चार वर्षं ज्यासाठी डोकं आपटलं, ते एका घोटात! मी तिच्या गळ्यात पडून रडले. त्याच दिवशी तळमजल्याची जागा पक्की केली. आठवडाभर आई दिवसातून दोनदा तीन जिने उतरून चढते आहे. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, त्यांना काही उलगडत नाही. "पायांना सवय हवी," म्हणते.

मी खोकी आणली. तिने एकही भरलं नाही. "आई, निदान कपडे तरी घे," म्हटलं. तर म्हणाली, "तिथे काही लागत नाही गं."

नवी जागा आमच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर आहे. आज दुपारी निघाले, तर आईने दारात थांबवून माझे केस नीट केले, लहानपणी करायची तसे. म्हणाली, "प्रमाणपत्र मिळालं की रेंगाळू नकोस, सरळ घरी ये. तिघं एकदमच निघू. चालायला बरंच आहे."