डाव्या चाकाशी राखलेली जागा

मंगळवारी दुपारी मर्व्ह हॉलिसकडे निघाले, तेव्हा काम तासाभराचं वाटत होतं. वाटेत जेम्सटाउनच्या बेकरीतून त्याच्या आवडीचे लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटचे केक, घेतले. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याचं तोंड; उत्तरेचा गरम वारा सुटला होता आणि रस्ताभर धूळ उडत होती.

मी कोरा. माझा धंदा यंत्राच्या हातांना शिस्त लावण्याचा. ज्यांचे स्वतःचे हात चालत नाहीत, त्यांच्या चाकाच्या खुर्चीला असा हात बसवतात. तो कुठवर जाईल, कोपर किती वळेल, कुठे अजिबात फिरकायचं नाही, हे मी ठरवते. फार जखडला तर तो निव्वळ शोभेचा. फार मोकळा सोडला तर एक दिवस मालकाचेच दात पाडील. मर्व्हचा जन्म मेंढ्यांमागे गेला, त्यामुळे तो या हद्दींना कुंपण म्हणतो. आता माझ्याही तोंडी तोच शब्द बसलाय.

दोन वर्षांपूर्वी हा हात बसवताना मी तीन कुंपणं आखली होती. एक चेहऱ्याभोवती, एक गुडघ्यांभोवती आणि तिसरं डाव्या चाकाशी, बूटसाठी. बूट म्हणजे मर्व्हचा मेंढ्या वळणारा कुत्रा. कामाचा कुत्रा घरात घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पण मर्व्हच्या हातांतलं बळ गेलं तेव्हा त्याच्या बायकोने, डॉटने, ती मोडली. रोज संध्याकाळी पाचला ती व्हरांड्याचं जाळीचं दार उघडून धरायची. बूट आत येऊन डाव्या चाकाशी पसरला की हळूच लावायची आणि मर्व्हच्या खांद्यामागे येऊन उभी राहायची. दुसऱ्या कोणी कितीही हाका मारल्या तरी तो पठ्ठ्या उंबरा ओलांडत नसे. आणि ते दार कोणी आपटलं तर डॉट घर डोक्यावर घ्यायची.

आता दोघंही नव्हती. डॉट मार्चमध्ये गेली, बूट तिच्या मागोमाग महिन्याभरात. कळप विकला गेला. शुक्रवारी सरकारी तपासनीस बाई येणार होत्या. डावीकडच्या ठेंगण्या टेबलावरचा कप उचलून मर्व्हने कोणाच्या मदतीशिवाय चहा पिऊन दाखवला, तर तो घरी राहणार. नाही जमलं, तर शहरातल्या वृद्धाश्रमात खाट तयार होती.

आणि हात त्या कपापर्यंत पोचतच नव्हता. बूटचं कुंपण टाळायला तो लांबचा वळसा घ्यायचा, मग कोपर खुर्चीच्या पाठीला अडायचं.

नसलेल्या कुत्र्यासाठी जागा राखून ठेवलीय आपण, मी म्हटलं, पुसून टाकते.

"पुस की," मर्व्ह म्हणाला. "बघ, ऐकतो का."

मी तिसरं कुंपण पुसलं. मर्व्हने हनुवटीखालच्या दांडीने हात सरळ कपाकडे नेला. जिथे कुंपण होतं, नेमका तिथेच तो थांबला. माझ्या संगणकाच्या पडद्यावर शब्द उमटला: स्पर्श. घड्याळात पाच वाजून गेले होते.

मी त्या जागी माझा हात फिरवला. काही नव्हतं. हवा मात्र तेवढ्या पट्ट्यात जरा उबदार होती, आणि वास येत होता... लोकरीचा, तेलकट, ओलसर. यंत्राची बोटं तिथेच टेकलेली ठेवून मी पडद्यावर दाबाचा आकडा पाहिला. तो वर जायचा, खाली यायचा. पुन्हा वर... पुन्हा खाली. मिनिटाला अठरा वेळा. मी मोजलं, कारण घाबरल्यावर मला मोजण्यापलीकडे काही सुचत नाही.

"झोपलाय ना?" मर्व्हने हळू आवाजात विचारलं.

यंत्र बिघडलंय, मी म्हटलं. त्यावर उपायही होता. जोर वाढवायचा, म्हणजे किरकोळ अडथळ्याला हात जुमानणार नाही, सरळ रेटून जाईल. मी तो आकडा बदलायला लागले, आणि इतका वेळ माझी टिंगल करणारा मर्व्ह विनवणीवर आला.

"तिथे त्याच्या बरगड्या आहेत, कोरा... रेटू नकोस."

"मग शुक्रवारी आश्रमात जाशील, म्हाताऱ्या."

"जाईन."

मला राग आला. माझा जीव आहे या हट्टी माणसावर, आणि तो एका रिकाम्या जागेसाठी घर सोडायला निघाला होता. पण जोर काही मी वाढवला नाही. बूटचं कुंपण परत आखलं आणि दोन तास खपून बाकीचा हात सैल केला. कोपराला खांद्याच्या वर उठू दिलं, मनगटाला जास्त वळू दिलं. आता हात बूटच्या वरून कमान करून कपापर्यंत जाऊ लागला.

"खांद्यामागेही थोडी ढील दे," मर्व्ह म्हणाला.

"तिथे कुठला कप ठेवलायस?"

"पाठ खाजते गं पोरी."

मी हसले आणि दिली.

शुक्रवारी तीनला बाई आल्या. मर्व्हने कप उचलला, ओठांशी आणला, एक थेंब न सांडता चहा संपवला. बाईंनी सही केली, एक लॅमिंग्टन खाल्ला आणि गेल्या. मला रडू आलं. मर्व्हने त्यावरूनही टोमणा मारलाच.

मी सामान आवरत होते. पाच वाजले. मागे जाळीच्या दाराची स्प्रिंग करकरत ताणली गेली. वाऱ्याने उघडलं असतं तर ते दार आपटलं असतं. ते एका कुत्र्याला आत यायला लागेल तेवढा वेळ उघडं राहिलं, मग हळूच लागलं. पडद्यावर खाली डावीकडे शब्द उमटला: स्पर्श.

मर्व्हने मागे वळून पाहिलं नाही. त्याने फक्त हनुवटी हलवली. यंत्राचा हात उठला, मी दिलेली सगळी ढील घेत खांद्यामागे गेला आणि तिथे बोटं उघडून थांबला.

"पाठ... खाजतेय का?" मी विचारलं.

बोटं सावकाश मिटू लागली. हवेत ती एकमेकांना टेकेपर्यंत मिटतात, मीच ती तशी लावली आहेत. त्या संध्याकाळी ती मधेच थांबली आणि तशीच राहिली. पडद्यावर दोन बोटांमधलं अंतर होतं बावीस मिलिमीटर.

घरी आल्यावर मी माझ्या तळहाताची जाडी मोजली. चोवीस भरली. डॉटचे हात माझ्यापेक्षा लहान होते.