हिरवे पोटमाळे

पारा बावन्नवर गेला आणि हेमलता कुंदावारचा जीव टांगणीला लागला. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर चंद्रपूरजवळच्या नव्या वसाहतीचे तीनशे बारा पोटमाळे दिसत होते. तीनशे अकरा हिरवे. लाल एकच, घर क्रमांक नऊ. तिथे तिचे बाबा मारोतराव एकटे राहत.

"चौसष्ट अंश," मडावीसर म्हणाले. ही 'श्वासछप्परं' त्यांनी आणि हेमलतानेच आखलेली. "बाकीचे अडतिसावर. आपल्या हिशेबापेक्षाही गार."

"बाबा फोन उचलत नाहीत. शीतगाडी नऊला पाठवा."

"उन्हानं कोसळलेल्यांना न्यायला एकच गाडी आहे, मॅडम."

"म्हणूनच सांगतेय, आधी नऊ!"

कल्पना तशी साधी होती. वळचणीच्या जाळ्यांतून हवा पोटमाळ्यात यायची, तापून वर चढायची आणि आढ्यावरचा सूर्यपंखा ती बाहेर फेकायचा. ऊन जितकं कडक, तितका पंखा जोरात. आवाजाला कंटाळून लोक तो बंद करतील, म्हणून हेमलताने त्याला बटणच ठेवलं नव्हतं. खालच्या खोल्यांना जमिनीतला शीतसाठा संध्याकाळपर्यंत गारवा पुरवायचा. खोल्यांत मात्र तापमापक नव्हते. घरात कुणाची नजर नको, असं रहिवाशांनी ठणकावलं होतं. मोजणी फक्त पोटमाळ्यांची.

"नऊमध्येच असं का?" मडावीसरांनी विचारलं.

"बाबांनी आढ्याजवळची दोन कवेलू काढून छपराला भोक पाडलंय. चिमण्यांसाठी!" तिचा आवाज चिरकला. "किती भांडले मी! पंखा त्या जवळच्या भोकातूनच हवा ओढतो, वळचणीकडची येतच नाही. पोटमाळा तापत राहतो. म्हातारपणी हा हट्ट!"

तिला रडू कोसळलं. त्या भांडणानंतर ती महिनाभर बाबांकडे फिरकली नव्हती, आणि आता ते तिला सहन होत नव्हतं. बाहेर भोंगे सकाळपासून तिचाच हुकूम ओरडत होते, दारं लावून घ्या, कुणीही बाहेर पडू नका. शीतगाडी तीनशे बंद दारं ओलांडून नऊला पोहोचली.

"मॅडम, बाबा मजेत आहेत," चालक कवडूचा आवाज आला. "खोली गार आहे. पन्हं पिऊन राहिले. हे घ्या, बोला."

"काहून रडतेस वो?" मारोतराव म्हणाले. "मी चांगला आहो. फोनच सापडत नव्हता मले."

हेमलता खुर्चीत कोसळली. रडता रडता हसली. "बाबा, वळचणीतून हवा येतेय का?"

"कुठची येते? आम्ही सगळ्यांनी तिथं वाळ्याच्या ताट्या बांधल्या ना. हवा जिथून येते, तिथं ओली ताटी पायजेच. पण कालच्या वावटळीनं त्यावर धूळ बसली, पाणी मारलं तं चिखल झाला. आता पक्की भिंतच म्हण."

"सगळ्यांनी?"

"घरोघरी."

तिचं हसू विरलं. कूलरला वाळ्याची ताटी लावणाऱ्या गावात आपण वळचणीला भोकं ठेवली, आणि हे सुचलं नाही! तिने मडावीसरांकडे पाहिलं. ते भिंतीवरचे हिरवे पोटमाळे पुन्हा एकेक करून बघत होते.

"वळचणी बुजल्या," ते हळू म्हणाले. "पंखे तर चालूच आहेत. मग ते हवा कुठून ओढताहेत?"

"बाबांचा पंखा कवेलूच्या भोकातून ओढतोय. म्हणून त्यांच्या खोलीला धक्का नाही."

"आणि बाकीचे?"

"छताच्या फटींतून. खालच्या खोल्यांतून." तिने भिंतीकडे बोट केलं. "पोटमाळे म्हणून हिरवे आहेत, सर! तो गारवा माणसांचा आहे. सगळा उपसला जातोय, आणि दाराखालून बावन्न अंशांची हवा आत शिरतेय."

तिने भोंग्याचं बटण दाबलं. "बाहेर या! ताट्या तोडा, आढ्याजवळची कवेलू फोडा, बाबांसारखी! ऐकताय का?"

तिने रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत पाहिलं. एकही दार उघडलं नाही. माणसं सकाळपासून तिचंच ऐकत होती.

"हेमे," फोनवर मारोतराव म्हणाले. त्यांचा आवाज आता बदलला होता. "कवडूनं बाजूच्या उईकेंच्या दारावर धक्के मारून पाहिले. मी खिडकीतून हाका मारून राहिलो. आतून कोणी ओ देत नाही पोरी."

भिंतीवर दहा नंबरचं, उईकेंचं घर सगळ्यांत हिरवं दिसत होतं.