अर्ध्यावर थांबणारं ड्रिल

कपाटाच्या दाराला बिजागऱ्या बसवत होते, तेव्हा ड्रिल पहिल्यांदा थांबलं. भोक अर्ध्यावर आलं होतं, बटण माझ्या बोटाखाली दाबलेलंच होतं. श्वासभर थांबलं आणि आपोआप पुन्हा फिरायला लागलं.

मशीन नवऱ्याचं. यांना जाऊन दीड वर्ष झालं. सुतारकामाची खोली आता मीच चालवते. थांबायची खोड रोजची झाली, तशी मी मोटरी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे गेले. तो यांचा जुना दोस्त. त्याने कार्बन बदलले, स्विच उघडून पाहिला, मी नेलेल्या फळीत वीस भोकं पाडली. एकदाही अडलं नाही. मग मशीन माझ्या हातात दिलं. पहिल्याच भोकाला थांबलं.

"मालकाचा स्वभाव लागलाय," तो हसून म्हणाला.

मला हसू आलं नाही. हे अर्ध्यावर थांबायचे, बिट बाहेर काढून भोकात फुंकर घालायचे, मग पुढे. तेवढाच वेळ.

त्याचं मत पडलं, नवीन घ्या. मी आज-उद्या करत राहिले. मशीन दुरुस्त व्हायला नको होतं आणि टाकवतही नव्हतं. खरं सांगायचं तर दिवसभर मी त्या थांबण्याची वाट बघायचे. गरज नसताना भोकं पाडायचे. उरल्यासुरल्या तुकड्यांची चाळण झाली. ते थांबलं की मीही हलायचे नाही. गालाजवळ कुणी वाकल्यासारखं वाटायचं.

मग एकदा ते असं उसळून सुरू झालं की बिट फळीत अडकलं आणि माझं मनगट पिरगाळलं. मुलीने पट्टी बांधली.

"आई, हात गेला तर खाशील काय?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवीन मशीन घेतलं. जुनं वाइंडिंगवाल्याला सुट्या भागांसाठी मीच देऊन आले, आणि मागे वळून पाहिलं नाही.

नवीन मशीन गुणी. एका दमात आरपार जातं. मीच अर्ध्यावर बोट उचलायचे, कान द्यायचे. खोलीत कुणी नसायचं.

आठवड्याने वाइंडिंगवाला दारात उभा. आत या म्हटलं तर येईना. हातात कागदाची पुडी होती.

"वहिनी, मशीन परत नेता का?"

मी म्हटलं, तुम्ही तर त्याचे भाग काढणार होता.

"काढले. मोटर त्याच दिवशी काढली. नुसतं कवच मांडणीवर पडलंय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "रोज सकाळी त्याच्याखाली भुसा असतो. माझ्या दुकानात लाकूड नाही, वहिनी."

पहिले काही दिवस झाडून टाकला म्हणाला. आज सकाळचा तेवढा गोळा करून ठेवला होता. पुडी त्याने माझ्या तळहातावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेला.

मी ती उघडली नाही. दुपार कलली होती.

बिटाखालून आत्ता निघावा तसा, कागदातून तो भुसा गरम लागत होता.