चौथा पिस्टन

नागापूरच्या एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये गिदोन मिस्त्री सकाळपासून एकाच इंजिनाशी झगडत होता. पाथर्डीच्या पुंजारामची जीप. सुरूच होईना म्हणून टोचन करून आणलेली. हेड उतरवलं, खालचं चेंबर काढलं, इंजिन स्टँडवर आडवं केलं. आता एकेका कनेक्टिंग रॉडची खालची कॅप खोलायची आणि हातोड्याच्या लाकडी दांड्यानं पिस्टन वरच्या बाजूनं बाहेर ढकलायचा. अठ्ठावीस वर्षं तो हेच करत आला होता.

तीन पिस्टन तासाभरात निघाले. चौथ्यानं दुपारचे तीन वाजवले.

सिलिंडरच्या तोंडाशी साठलेल्या काजळीची कड त्यानं खरवडली. कॅप सुटी होती, रॉड मोकळा होता. ढकलला की पिस्टन दोन इंच यायचा. दांडा काढला की हळूच मागं जायचा.

"च्यायला, डोकंच फिरवलं यानं!" गिदोननं दांडा पुन्हा टेकवला आणि जोर लावला.

"मिस्त्री, दमानं," उलट्या डब्यावर बसलेला पुंजाराम म्हणाला. "दुखंल त्याला."

"कुणाला? अहो, लोखंड आहे ते! तुम्ही जरा बाहेर बसा बरं."

पुंजाराम हलला नाही. खाली बघत म्हणाला, "माझा धाकटा भाऊ, गोरक्ष, ही गाडी घिऊन गेल्ता. गाडी करंजी घाटात घावली. दारं आतून लावलेली, इंजिन चालू. ह्यो मातर आत न्हाई. आमी काच फोडली, चावी फिरवून इंजिन बंद केलं, तवापासून सुरू झालं न्हाई. सा महिने झाले."

गिदोन वैतागला होता. असल्या गोष्टी ऐकायला त्याला वेळ नव्हता. त्यानं दात आवळून दांडा रेटला आणि पिस्टन एकदम त्याच्या हातात आला.

तो गरम होता.

गिदोननं तो घाईनं फडक्यावर ठेवला. बाकीच्या तिघांना हात लावून पाहिला. गार. मग त्यानं रिकाम्या सिलिंडरमध्ये डोकावलं. आरपार उजेड दिसत होता, पलीकडची फरशीसुद्धा.

त्यानं तळवा सिलिंडरच्या तोंडावर धरला. आतून ऊब आली. थांबली. मग तळवा हलकेच आत ओढला गेला. पुन्हा ऊब. तंबाखूचा वास.

गिदोननं हात झटकन मागं घेतला.

पुंजाराम उठला. वाकून सिलिंडरला तोंड लावलं.

"गोरक्षा," तो हळू आवाजात म्हणाला, "मी हाय रं. चल घरी."

ऊब थांबली.

शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर तेवढा धडधडत होता. गिदोननं बॅटरी लावून आत उजेड टाकला.

सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर होता. त्यात चार बारीक रेघा उमटत होत्या, बोटांच्या अंतरानं.

आतून बाहेर.

तोंडाशी येऊन त्या थांबल्या, आणि पुंजारामनं आपला हात पुढं केला.